सर्वंकष सत्तेत लोक फसतात की नुसते गप्प बसतात?

तापीकाठ (चोपडा):
परवा वाचनालयात वाद झाला. एक सर म्हणाले, हुकूमशाहीत छापून येतं ते लोकांना खरंच वाटतं. मला नाही पटलं.

१९५८ चा चीन घ्या. सप्टेंबरात 'पीपल्स डेली' या पक्षाच्या पेपरात छापून आलं की क्वांगशीतल्या हुआनजियांगला एका मू जमिनीत १,३०,००० जिनांवर भात पिकला. मू म्हणजे साडेसहा गुंठे, जिन म्हणजे अर्धा किलो. आपल्या हिशोबानं एकरी जवळपास चार हजार क्विंटल! नवापूरकडच्या भातवाल्याला तीस क्विंटल झालं तरी तो पेढे वाटेल. केलं काय होतं, तर बाकीच्या शेतांतलं तयार भात उपटून एकाच वावरात खेटून लावलं. आता ज्या बाईनं ती रोपं उपटली, तिला बातमी खोटी आहे हे कुणी सांगायला हवं का? तिला फसवायचं नव्हतंच. हे आणखी कुणाला कळलंय, एवढंच तिला कळू द्यायचं नव्हतं.

रावेरची केळी:
काय सांगस भाऊ! वावरातल्या बाईला कळलं, पण शांघायच्या कारकुनाला कुठून कळणार? त्याच्यापुढे पेपर एकच. जर्मनीत १९३३ ला ७६ मार्कांचा स्वस्त रेडिओ काढला, तो काय लोकांना गप्प बसवायला? घरोघरी हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्सचा आवाज पोचवायला काढला, आणि लाखो लोकांनी मनापासून ऐकला. सगळे आतून शहाणेच होते म्हटलं की टाळ्या वाजवणारे आपोआप सुटतात. हे मला चालत नाही.

तापीकाठ:
त्याच जर्मनीत १९३९ ला युद्ध लागताच परदेशी स्टेशन ऐकणं गुन्हा ठरलं. रेडिओच्या बटणाला तशी ताकीद लिहिलेलं कार्ड अडकवायचे. एवढा विश्वास होता तर कार्ड कशाला?

रावेरची केळी:
आणि चोरून ऐकणाऱ्याची चुगली कोण करायचं? बऱ्याचदा शेजारीच. तो पण आतून शहाणाच का?

धुळेकर:
लांब कशाला जाता? १९७५ ला आपल्याकडेही काही पेपरांनी अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती.

भुसावळ जंक्शन:
धुळेकर, कोरी जागा लोकांच्या हातात पडली आणि १९७७ ला मतदानही झालं. आणीबाणी वाईटच, पण ती या मापात बसत नाही.

तुम्ही दोघं भलत्याच माणसाला फसलेला समजताय, भो. सगळ्यात जास्त फसली ती वरची सत्ता. चीनमध्ये गाव तालुक्याला पीक फुगवून सांगतं, तालुका जिल्ह्याला, आणि त्या फुगलेल्या आकड्यावर सरकारी धान्यवसुली ठरते. पीकच तेवढं नाही म्हटल्यावर माणसांच्या खाण्याचं आणि बियाण्याचं धान्य उचललं गेलं. १९५९ मध्ये उपासमार चालू असताना निर्यातही चालू होती. दुष्काळात किती गेले याचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत आहेत. त्या जुलैत लुशानच्या बैठकीत संरक्षणमंत्री पेंग देहुआईनं माओला पत्र लिहून या फुगवलेल्या आकड्यांचा विषय काढला, तर त्यालाच पदावरून घालवलं. त्यानंतर खालून खरा आकडा कोण पाठवणार?

तापीकाठ:
म्हणजे माझंच म्हणणं झालं की. कळत सगळ्यांना होतं, बोललं कुणी नाही.

रावेरची केळी:
"सगळ्यांना" कुठून आणलं? उत्तर कोरियात रेडिओ सरकारी स्टेशनवरच पक्का करून देतात. ज्यानं जन्मात दुसरा आवाज ऐकला नाही, तो तुलना कशाशी करणार?

तापीकाठ:
तिथंच चोरून दक्षिण कोरियाच्या मालिका बघतात लोक. २०२० ला त्यावर कडक कायदा करावा लागला.

रावेरची केळी:
बघणारे आहेत, मान्य. किती आहेत ते सांग ना! तिथून खरा आकडा बाहेर येत नाही, आणि तू इथं चोपड्यात बसून "सगळे" लिहितोस. तुझंही पीक एकरी चार हजार क्विंटलच आहे.