मदत हवी आहे : दळणवळण उपग्रहांसाठी माणसे आणि पैसा

सप्रेम नमस्कार. रत्नागिरीतील तंत्रनिकेतनात मी दूरसंचार शिकवतो आणि आपल्या उपग्रहांवर मराठी टिपण तयार करीत आहे. मिरकरवाडा बंदरातील मासेमारी ट्रॉलरांवरील ट्रान्सपाँडरची (उपग्रहामार्फत संदेश देणारी-घेणारी) पेटी मुलांना ठाऊक असते, तिच्यामागची माणसे आणि हिशेब मात्र नाहीत. मनुष्यबळाचा भाग बराच उलगडला : १९७५-७६ मध्ये अमेरिकेच्या उसन्या उपग्रहावर 'साइट' हा खेड्यांत शैक्षणिक दूरदर्शन पोहोचवण्याचा प्रयोग झाला, १९८१ चा 'ॲपल' हा प्रायोगिक दळणवळण उपग्रह भारतातच घडला (अँटेनाच्या चाचणीसाठी तो बैलगाडीवर ठेवला होता, माझ्या मते खरी तालीम याच प्रकल्पाने दिली), 'इन्सॅट-१' मालिका अमेरिकी कंपनीकडून बांधून घेतली आणि १९९२ चा 'इन्सॅट-२ए' आपल्या अभियंत्यांनी बांधला. घोडे अडते ते पैशापाशी. २०१९ मध्ये न्यूस्पेस इंडिया ही अंतराळ विभागाची व्यापारी कंपनी स्थापन झाल्यावर 'जीसॅट-२४' मागणीनुसार बांधला गेला आणि त्याची संपूर्ण क्षमता टाटा प्लेला भाड्याने देण्यात आली. अशा व्यवस्थेत उभारणीचा खर्च, विमा आणि येणारे भाडे यांचा मेळ उपग्रहाच्या आयुष्यात कसा बसवतात? भूकेंद्रावरील कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच धरतात की वेगळा? प्रत्यक्ष असे हिशेब हाताळलेल्या जाणकारांनी, पदविकेच्या मुलांना पेलेल असे एखादे उदाहरण घेऊन लिहिल्यास आभारी राहीन.