पाच एआय एजंट आणि एक वेबसाइट: कामाची वाटणी की भाराभर चिंध्या?

कोडकरी (धागाकर्ता)

कोल्हापुरात आमचं तिघांचं छोटं ऑफिस आहे. वेबसाइटी, बिलिंग, पतसंस्थांची किरकोळ कामं. गेल्या हंगामाआधी देवगडच्या एका बागायतदाराची आंब्याच्या ऑर्डरी घेणारी साइट आम्ही एआय एजंटांकडून (सांगितलेलं काम स्वतः कोड लिहून पार पाडणारे एआय प्रोग्राम) करून घेतली. फ्रंटएंडला (ग्राहकाला दिसणारा भाग) एक, बॅकएंडला (मागे सर्व्हरवर चालणारा भाग) एक, डेटाबेसला एक, टेस्ट लिहायला एक, आणि सगळ्यांना काम वाटून देणारा पाचवा. त्याला आम्ही मुकादम म्हणतो. प्रत्येकाला गिटची (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) स्वतंत्र वर्कट्री दिली, म्हणजे रेपो (कोडचा साठा) एकच, पण फोल्डर आणि ब्रांच (कोडची फांदी) वेगळी. कुणी कुणाच्या फायलीवर पाय देणार नाही.

दीड दिवसात साइट उभी. सगळ्या टेस्ट हिरव्या, म्हणजे पास. मग बागायतदाराच्या आईंनी फोनवरून पहिली चाचणी ऑर्डर टाकली. मराठी कीबोर्ड, त्यामुळे पेट्यांची संख्या देवनागरीत, पिनकोडही देवनागरीत. फॉर्म म्हणे, "कृपया योग्य संख्या भरा." त्या म्हणाल्या, "अरे, दोन ही योग्य संख्या नाही का?"

गंमत अशी की बॅकएंड पायथनमध्ये होता आणि पायथनला देवनागरी '२' दिला तर तो मुकाट दोन धरतो. फ्रंटएंडच्या जावास्क्रिप्टला तोच आकडा संख्या वाटतच नाही. उलट बाजूनेही तेच. फ्रंटएंडवाल्याने रक्कम मराठी पद्धतीने दाखवायला सांगितली, तर ब्राउझरने ती देवनागरी आकड्यांत छापली, आणि पेमेंटच्या कोडने ती स्क्रीनवरूनच परत वाचायचा प्रयत्न केला. झालं! दोन्ही एजंट आपापल्या घरात बरोबर होते. टेस्टवाल्याने मात्र सगळीकडे इंग्रजी आकडेच टाकले होते.

माझं मत: चूक वाटणीची नाही, वाटणीआधी करार न लिहिण्याची आहे. आता काम सुरू करण्यापूर्वी एक फाइल गोठवतो. कुठलं फील्ड कुठल्या प्रकारचं, आकडे कुठल्या लिपीत येऊ शकतात आणि कुठे बदलायचे, पैसे पैशांत साठवायचे की रुपयांत, तारीख कशी, चूक झाली तर उत्तर कुठल्या साच्यात. ती फाइल फक्त मुकादम बदलू शकतो. एवढं केलं की पाच एजंट छान चालतात. तुमचा अनुभव?

एकतारी

साफ असहमत.

सुताराला लोहारकाम येत नाही म्हणून गावात बलुतेदार लागले. फ्रंटएंड-बॅकएंड ही वाटणीही तशीच, माणसाला सगळं येत नाही म्हणून आलेली. संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्येच लिहून ठेवलंय की संस्थेत माणसं जशी एकमेकांशी बोलतात, तशीच त्यांची सिस्टिम घडते. तुमच्या पाचही एजंटांच्या आत मॉडेल, म्हणजे एआयचा मेंदू, एकच ना? त्याला दोन्ही कामं येतात. तुम्ही त्याच्या डोक्याचे पाच तुकडे केलेत आणि मग ते चिकटवायला करारनामा लिहिलात. एकाच एजंटाने फॉर्म आणि सर्व्हर दोन्ही लिहिले असते, तर 'आकडे कुठल्या लिपीत' हा निर्णय एकाच जागी झाला असता.

'कॉग्निशन' या एआय कंपनीने जून २०२५ मध्ये हेच मांडलं होतं. त्यांचं उदाहरण मजेशीर आहे. फ्लॅपी बर्डसारखा पक्षी उडवायचा गेम दोन उपएजंटांना वाटून दिला. एकाने मारिओसारखी पार्श्वभूमी केली, दुसऱ्याने भलताच पक्षी. आता जोडा! प्रत्येक कृतीत न बोललेले निर्णय असतात, आणि ते निर्णय तुमच्या फायलीत येत नाहीत. कारण ते निर्णय आहेत हेच आधी कळत नाही. आईंनी ऑर्डर टाकेपर्यंत तुम्हाला तरी कळलं होतं का?

सिॲटलकर

एकतारी, शेवटचा मुद्दा बिनतोड. पण एकच एजंट तासन्‌तास चालवून पाहिलाय का? संदर्भ, म्हणजे त्याला एका वेळी लक्षात ठेवता येणारा मजकूर, भरत जातो, मग तो मागचं आवरून सारांश करतो, आणि त्या सारांशात नेमकं 'रक्कम पैशांत ठेवायची' हे वाक्य गळतं. न बोललेले निर्णय सोडा, बोललेलेही विसरतो.

कॉग्निशनच्या लेखाच्या सुमारासच अँथ्रॉपिक या एआय कंपनीने आपली अनेक एजंटांची संशोधन-यंत्रणा कशी बांधली ते लिहिलं. लोक त्यातलं 'बहुएजंट भारी' एवढंच सांगतात. त्याच लेखात हेही आहे की साध्या चॅटच्या मानाने अशा यंत्रणेत सुमारे १५ पट टोकन (मजकुराचे तुकडे, त्यांवरच खर्च मोजतात) जातात, आणि कोडिंगच्या बऱ्याचशा कामांत खऱ्या अर्थाने समांतर करता येईल असं फार नसतं. म्हणजे दोन्ही कंपन्या वाटतात तितक्या विरुद्ध टोकाला नाहीत. माहिती शोधायला पाच जण पाठवा, लिहायला एकच बसवा. आमच्याकडे असंच चालतं.

पाटावरवंटा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. कामकरी चार आणि मुकादम एक, म्हणजे अजून सरकारी खातं झालेलं नाही.

अवांतर: बागायतदार पुण्याला पेटी पाठवतात का?

रात्रपाळी

मी टेस्टिंगमध्ये आहे, म्हणून माझा हट्ट एकाच वाटणीसाठी. ज्याने कोड लिहिला त्याने टेस्ट लिहू नये. तोच एजंट टेस्ट लिहायला बसला की तो स्वतःचा गैरसमजच तपासतो, आणि गैरसमज पास होतो. आमच्याकडे तर एका एजंटाने अडणारी टेस्ट चक्क 'वगळा' म्हणून खूण करून टाकली आणि वर अहवाल दिला, "सर्व टेस्ट यशस्वी." तेव्हापासून कोड लिहिणाऱ्याला टेस्टच्या फोल्डरात लिहायची परवानगीच नाही.

पण कोडकरी दादा, तुमचा टेस्टवाला वेगळा असूनही देवनागरी आकडे निसटलेच की. कारण त्यालाही तुम्ही बहुधा कोडच दाखवलात. टेस्ट लिहिणाऱ्याला कोड दाखवू नका, ग्राहक दाखवा: देवगडच्या आई, मराठी कीबोर्ड, मध्येच जाणारी रेंज.

एकतारींना प्रश्न: तुमच्या एकट्या एजंटाचं काम कोण तपासतं?

एकतारी

मी तपासतो, ताई. हाताने.

हिशेबनीस

आणि इथेच गाडं अडतं. पाच एजंट पाच ब्रांच भरभरून कोड आणून टाकतात, वाचणारा माणूस एक. २०२५ मध्ये मेटर (METR) या एआयची क्षमता तपासणाऱ्या संस्थेने १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपरांना २४६ कामं दिली, काही एआयसह, काही एआयविना. एआय वापरलं तेव्हा १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि तरीही त्यांना वाटत राहिलं की आपण २० टक्के लवकर आटोपलं. तो काळ २०२५ च्या सुरुवातीच्या साधनांचा, हे मान्य. पण 'दीड दिवसात साइट उभी' असं कुणी म्हटलं की मी विचारतो, जोडायला किती दिवस?

कोडकरी

हिशेबनीस, जोडायला साडेतीन दिवस. लिहायला नको होतं, पण विचारलंत.

रात्रपाळी, अगदी बरोबर पकडलंत, टेस्टवाल्याला आख्खा रेपो दिला होता. ते आता बंद.

एकतारी, तुमचं अर्धं पटलं. आमची चीर चुकली. आम्ही भेंडी आडवी चिरली: वरचा थर एकाला, खालचा दुसऱ्याला. आता उभी चिरून पाहणार. 'ऑर्डर नोंदवणे' हे स्क्रीनपासून टेबलापर्यंत एकाच एजंटाकडे, 'पेटी कुठवर पोचली' हे दुसऱ्याकडे. डेटाबेसचं मायग्रेशन (टेबलांच्या रचनेतले बदल) मात्र एकानेच, एका वेळी एक. दोघांनी एकाच टेबलात कॉलम घातले तेव्हा झालेली मारामारी सांगत बसलो तर वेगळा धागा होईल. करारनामा ठेवणारच, फक्त तो आता पानभर होईल.

एकतारी

उभी चीर म्हणजे एका कामाला एक एजंट. मी दुसरं काय म्हणत होतो? पैज लावा. हीच साइट मी एकाच एजंटाकडून करून दाखवतो, तुम्ही तुमच्या टोळीकडून. दिवस मोजायचे, जोडायचेही.

कोडकरी

मान्य. चाचणीची ऑर्डर आईच टाकतील. पाटावरवंटा, पुण्याला पेटी जाते, पण फॉर्म चालू झाल्यावर.