विंडोज १० चा आधार थांबला : जॅकार्ड डिझाइनचा घरचा संगणक नव्याने कसा लावावा?

प्रश्न : जॅकार्ड डिझाइनर, अक्कलकोट रस्ता, सोलापूर

नमस्कार. मी घरूनच टॉवेल आणि चादरींची जॅकार्ड डिझाइन, म्हणजे विणीतच उठणारी नक्षी, करते. सासरे याच खोलीत ग्राफच्या कागदावर एकेक चौकोन रंगवून डिझाइन उतरवत असत. तेच काम मी गेली तेरा वर्षे संगणकावर करते.

सध्याचा संगणक २०१६ साली घेतलेला आहे. त्यात इंटेल आय-५ ६५०० प्रोसेसर, एच ११० चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, १ टीबीची फिरती हार्ड डिस्क आणि विंडोज १० आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबवला, तेव्हापासून पडद्यावर सारखी सूचना येते. विंडोज ११ साठीची तपासणी करून पाहिली, तर प्रोसेसर चालणार नाही असे उत्तर मिळते. एका दुकानात ‘सगळा सेटच बदला’ असे सांगितले, दुसऱ्या दुकानात ‘तासाभरात विंडोज ११ टाकून देतो’ असे सांगितले. या संगणकावर मी काम कोणते करते, हे मात्र दोघांनीही विचारले नाही, म्हणून ते येथे सविस्तर लिहिते.

डिझाइनचा प्रोग्राम यूएसबी डोंगलवर, म्हणजे संगणकाला लावायच्या एका लहान किल्लीवर, चालतो. डोंगल काढला की प्रोग्राम उघडत नाही. कार्ड पंचिंगचे, म्हणजे मागाच्या कार्डांना भोके पाडण्याचे, मशीन नऊ पिनांच्या सिरियल केबलने याच संगणकाला जोडलेले आहे आणि ज्यांच्याकडून हे दोन्ही घेतले, त्यांनी तो व्यवसाय आता सोडला आहे. ज्या कारखानदारांकडे इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आहे, त्यांना मी पेनड्राइव्हवर फाइल देते. याखेरीज जीएसटीची बिले, बँकेचे व्यवहार आणि मुलीचा बारावीचा अभ्यास, सारे याच एका संगणकावर चालते. तो सुरू व्हायला चार-साडेचार मिनिटे लागतात. मागच्या आठवड्यात २६८८ हुकांचे (हूक म्हणजे मागाचे धागे उचलणारे आकडे) चादरीचे डिझाइन सेव्ह करताना तो थिजला आणि दुपारभराचे काम गेले.

नवा संगणक घेणे आत्ता परवडणारे नाही, पण डोंगल आणि पंचिंग बंद पडले तर घर चालणार नाही. अशा स्थितीत आधी काय करावे आणि कशाला हात लावू नये, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर १ : संगणक दुरुस्ती, नवी पेठ

ताई, तुम्ही डोंगल आणि सिरियल केबलचा उल्लेख केलात हे फार बरे झाले, कारण तुमच्या प्रश्नाचे उत्तर प्रोसेसरपेक्षा त्या दोन वस्तूंवर अधिक अवलंबून आहे.

प्रोसेसरची अडचण खरी आहे. तुमचा आय-५ सहाव्या पिढीचा आहे आणि इंटेलच्या बाबतीत विंडोज ११ ची मान्य यादी, एखाददुसरा अपवाद सोडला तर, आठव्या पिढीपासून सुरू होते. आठव्या पिढीच्या प्रोसेसरचे सॉकेटही एलजीए ११५१ याच नावाचे आहे, म्हणून कोणी ‘नुसता प्रोसेसर बदलू’ म्हणेल. त्याला होकार देऊ नका. नाव एक असले तरी पिनांची जुळणी वेगळी आहे आणि त्यासाठी ३०० मालिकेच्या चिपसेटचा बोर्ड लागतो. तुमच्या एच ११० वर तो चालणार नाही.

तपासणी चुकवून विंडोज ११ बसवता येते हेही खरे आहे. परंतु अशा यंत्राला पुढची अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही आणि दरवर्षीची मोठी आवृत्ती आपल्यालाच पुन्हा हाताने चढवावी लागते. तुमच्या बाबतीत त्याहून मोठा धोका डोंगलचा आहे. विंडोज ११ मध्ये ‘मेमरी इंटेग्रिटी’ नावाचे एक संरक्षण आहे, ते चालू असताना कित्येक जुने ड्रायव्हर (जोडलेली वस्तू चालवणारे प्रोग्राम) अडवले जातात. डोंगलचा ड्रायव्हर अडला आणि नवा देणारा कोणी उरलेला नसला, तर तेरा वर्षांच्या फाइली डोळ्यांसमोर असूनही उघडता येणार नाहीत. म्हणून डिझाइनचे काम विंडोज १० वरच राहू द्या, असे माझे स्पष्ट मत आहे.

विंडोज १० साठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना आहे. घरगुती संगणकाला ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत लागू होते. त्यासाठी विंडोजची २२एच२ ही आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचे खाते लागते. सेटिंगमधल्या विंडोज अपडेटच्या पानावरच नोंदणीचा दुवा दिसतो. संगणकाच्या सेटिंग त्या खात्याशी जोडून ठेवल्या तर पैसे लागत नाहीत, नाही तर ३० डॉलरइतकी रक्कम एकदाच भरावी लागते. ही नोंदणी आजच करा. मिळालेल्या मुदतीत दोन कामे वेगळी करायची आहेत : डिझाइन आणि पंचिंग एका डिस्कवर, इंटरनेटचा सारा वापर दुसऱ्या डिस्कवर. मुदत संपल्यावर विंडोज १० ची बाजू इंटरनेटपासून कायमची तोडायची. पंचिंग मशीनला इंटरनेट लागत नाही.

पण त्याआधी हार्ड डिस्क तपासा. साडेचार मिनिटांची सुरुवात आणि सेव्ह करताना थिजणे ही लक्षणे मला विंडोजची वाटत नाहीत, डिस्कची वाटतात. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम चालवा. वर पिवळ्या रंगात सावधानतेचा इशारा दिसला, तर त्याच क्षणी बाकी सारे थांबवून डिझाइनची फोल्डरे बाहेरच्या डिस्कवर उतरवा. डिस्कचे क्लोनिंग, म्हणजे ती जशीच्या तशी दुसऱ्या डिस्कवर उतरवणे, त्यानंतर करायचे, कारण क्लोनिंगमध्ये डिस्क सलग तासन्‌तास वाचली जाते आणि मरायला टेकलेली डिस्क नेमकी त्यातच जाते.

फाइली सुरक्षित झाल्यावर ५०० जीबीची साटा एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, घ्या. तुमची जुनी डिस्क १ टीबीची आहे, त्यामुळे भरलेला भागच उचलणारा क्लोनिंग प्रोग्राम वापरावा लागेल. विंडोज नव्याने बसवू नका. डोंगलचा ड्रायव्हर आणि सिरियल पोर्टचा क्रमांक आज जसा आहे तसाच पुढे गेला पाहिजे. एसएसडीवर सारे चालू झाले की जुनी डिस्क काढून, वर तारीख लिहून, कपाटात ठेवा. तुमच्या बोर्डवर रॅमचे दोन खण असतील आणि त्यांतला एक रिकामा असेल, तर ८ जीबीची आणखी एक डीडीआर-४ पट्टी बसवा.

इंटरनेटसाठी दुसरी लहान एसएसडी घेऊन तिच्यावर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली बसवा. मिंटची २२ वी मालिका उबुंटू २४.०४ वर उभी आहे आणि तिला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. आधी पेनड्राइव्हवरून नुसती चालवून पाहता येते, डिस्कवर काही लिहिले जात नाही. मराठीसाठी इन्स्क्रिप्ट कळफलक तिच्यात आहेच. एक गोष्ट मात्र अगदी निक्षून सांगतो : मिंट बसवताना विंडोजच्या डिस्कची साटा केबल काढून ठेवा. मग चुकीच्या डिस्कवर बूटलोडर (प्रणाली सुरू करणारा छोटा प्रोग्राम) जाण्याचा प्रश्नच उरत नाही आणि कोणत्या बाजूने सुरू व्हायचे हे बायोसच्या मेन्यूतून निवडता येते. विंडोजमधले ‘फास्ट स्टार्टअप’ही बंद करा, नाही तर मिंटमधून विंडोजच्या डिस्कवर काही लिहिता येत नाही.

आता खोलीविषयी. यंत्रमागाच्या भागातून येणारे कॅबिनेट उघडले की प्रोसेसरच्या पंख्याखाली कापसाच्या तंतूंची गादीच निघते. बोटाने उचलली तर अख्खी टोपीसारखी हातात येते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, त्यात ही गादी असेल तर प्रोसेसर आपला वेग स्वतःच कमी करतो. मऊ ब्रश आणि ब्लोअरने ती काढा, मात्र हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांहून जुनी असेल तर ती बदला, आणि मागाच्या मोटारी ज्या लाइनवर आहेत तिच्यावर संगणक घेऊ नका. मोटार सुरू होताना व्होल्टेज क्षणभर खाली जाते.

उत्तर २ : हिशेबनीस, जुळे सोलापूर

वरच्या उत्तराशी मी सहमत आहे, फक्त जीएसटीपुरती एक दुरुस्ती सुचवतो. तुम्ही बिले टॅली या हिशेबाच्या प्रोग्रामवर करत असाल, तर टॅलीप्राइम विंडोजसाठी आहे. ती मिंटवर नेण्याच्या खटपटीत पडू नका. जीएसटीचे संकेतस्थळ कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडते आणि मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने विवरणपत्र भरत असाल, तर मिंटवर काहीच अडत नाही. डिजिटल स्वाक्षरीचे यूएसबी टोकन वापरत असाल, तर त्याचा लिनक्सवरचा ड्रायव्हर आधी पारखून घ्या आणि तो नीट चालेपर्यंत विंडोजचे इंटरनेट तोडू नका.

प्रश्नकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. डिस्कवर पिवळा इशाराच निघाला. त्या रात्री दोन वाजेपर्यंत जागून सारी डिझाइन फोल्डरे बाहेरच्या डिस्कवर उतरवली. चार फाइली वाचल्या गेल्या नाहीत, पण त्यांची कार्डे सुदैवाने कारखान्यात आहेत. वाढीव अपडेटची नोंदणी झाली. बिले मी संकेतस्थळावरच करते आणि ओटीपीने भरते, त्यामुळे टोकनचा प्रश्न नाही.

एक शंका राहते. माझ्या साऱ्या फाइली त्या प्रोग्रामच्या स्वतःच्या स्वरूपात आहेत. डिस्क बदलली तरी डोंगल एक दिवस खराब होणारच. त्या वेळी या फाइलींचे काय करायचे?

उत्तर ३ : निवृत्त कार्ड डिझाइनर, पूर्व भाग

मुली, तू विचारलेला हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मी चाळीस वर्षे या कामात होतो. जोसेफ मारी जॅकार्ड या फ्रेंच माणसाने १८०४ साली माग सिद्ध केला तेव्हापासून कार्डाचा नियम एकच आहे : एका पिकाला, म्हणजे एका आडव्या धाग्याला, एक कार्ड, भोक असेल तेथे हूक उचलला जातो, नसेल तेथे खालीच राहतो. त्यामुळे तीस वर्षांपूर्वीचे कार्ड आज हातात घेतले तरी मला वाचता येते, त्याला डोंगल लागत नाही. तुझी फाइलही तशीच, कोणालाही वाचता येईल अशी असली पाहिजे.

डोंगल चालू आहे तोवर रोज दहा-वीस जुनी डिझाइन उघड आणि प्रत्येकाची प्रत बीएमपी स्वरूपात काढ. रुंदीचा एक पिक्सेल म्हणजे एक हूक आणि उंचीचा एक पिक्सेल म्हणजे एक पिक, हे प्रमाण काटेकोर पाळ. २६८८ हुकांचे डिझाइन असेल तर चित्राची रुंदी २६८८ पिक्सेलच भरली पाहिजे, एकानेही कमी-अधिक नको. ताण्याचे (उभे) आणि बाण्याचे (आडवे) धागे इंचाला सारखे नसतात, म्हणून ते चित्र पडद्यावर बसके किंवा उभट दिसेल. ते सुंदर दिसावे म्हणून ताणू नकोस.

जेपीईजीमध्ये मात्र कधीही साठवू नकोस. छायाचित्रासाठी ते स्वरूप चांगले आहे, पण ते फाइल लहान करताना शेजारशेजारचे रंग एकमेकांत मिसळते. लाल आणि पांढरा एवढे दोनच रंग असलेल्या काठात त्यामुळे गुलाबीच्या पन्नास छटा तयार होतात. आपल्याकडे रंग म्हणजे विणीची खूण असते. छटा बदलली की कोणता धागा वर आणि कोणता खाली हेच हरवते. पीएनजी चालेल, त्यात एकही पिक्सेल बदलत नाही.

प्रत्येक चित्राबरोबर एक साधी मजकुराची फाइल ठेव आणि तीत इंचाला ताण्याचे धागे, इंचाला पिके, सुताचा काउंट (जाडीचा अंक), कोणत्या रंगाला कोणती वीण आणि ते डिझाइन कोणत्या कारखान्याच्या मागावर चालले, हे युनिकोड मराठीत लिही. तुझ्या सासऱ्यांच्या ग्राफच्या कागदाच्या समासात हेच लिहिलेले असणार. ते कागद घरात असतील तर तेही सावकाश स्कॅन करून घे.

टेबलाविषयीही थोडे सांगतो. पडदा खिडकीच्या काटकोनात ठेव, म्हणजे उजेड समोरूनही येणार नाही आणि पाठीमागूनही नाही. रंगाचा निर्णय पडद्यावर घेऊ नकोस. सुताचे शेडकार्ड खिडकीशी, दिवसाच्या उजेडातच पाहा. शक्य झाले तर दुसरा मॉनिटर घे, एकावर पूर्ण रिपीट (नक्षीचे एक पूर्ण आवर्तन) आणि दुसऱ्यावर मोठा केलेला भाग. विणीतली चूक मोठ्या केलेल्या भागात सापडते, काठाची चूक पूर्ण रिपीटमध्ये.

प्रश्नकर्तीचे उत्तर

काका, तुम्ही सांगितल्याप्रमाणे प्रती काढायला सुरुवात केली आहे. आतापर्यंत एकशे चाळीस डिझाइन झाली. सासऱ्यांचे कागद पेटीत होते. समासात धाग्यांचा हिशेब खरोखरच लिहिलेला आहे, काही ठिकाणी तेलुगूत. तो वाचायला सासूबाई मदत करतात.

एसएसडी बसवली. विंडोज आता अर्ध्या मिनिटाच्या आत सुरू होते, डोंगल चालतो आणि पंचिंग मशीनने पहिल्याच प्रयत्नात कार्ड दिले. मिंटही दुसऱ्या डिस्कवर बसली. फक्त एक अडचण आली : मिंट वापरून विंडोजमध्ये परत आले की घड्याळ साडेपाच तास मागे पडलेले असते.

उत्तर १ : संगणक दुरुस्ती, नवी पेठ

ताई, तो बिघाड नाही. मिंट मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ लिहिते आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजून वाचते. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे असल्याने तेवढाच फरक दिसतो. मिंटच्या टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) हे घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवण्याची एका ओळीची आज्ञा द्यावी लागते. ती देवनागरीत लिहिली तर उपयोगाची नाही, म्हणून वेगळ्या संदेशात पाठवतो. एकदा दिली की पुरे. तोवर विंडोजमध्ये सेव्ह केलेल्या फाइलींच्या तारखांवर विसंबू नका, आणि बाहेरच्या डिस्कवर प्रत घेताना नवी फाइल कोणती हे उघडून पाहूनच ठरवा.