कॅलप्रोटेक्टिन 180 : आयबीएस म्हणून सोडायचं की स्कोप?

ज्युनियर_मेडिसिन :
वय 28, तीन महिने मुरडा आणि जुलाब. रक्त नाही, वजन टिकून, हिमोग्लोबिन, सीआरपी (रक्तातली सुजेची खूण) ठीक. शौचातलं कॅलप्रोटेक्टिन 180 मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम. पुढे काय, आयबीएस (सूज नसलेला आतड्याचा त्रास) म्हणून सोडायचं की स्कोप (दुर्बिणीने आतडं पाहणं)?

स्लाइडवाला :
दोन्हीची घाई नको. कॅलप्रोटेक्टिन हे मुख्यतः न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींमधलं प्रथिन. आतड्याचं अस्तर सुजलं की न्यूट्रोफिल रक्तातून निघून अस्तर ओलांडतात, पोकळीत उतरून फुटतात आणि ते शौचात येतं. (जस्त, मँगनीज धरून ठेवून जिवाणूंची उपासमार करणं हे त्याचं खरं काम.) न्यूट्रोफिल आले एवढंच त्यातून कळतं, कशासाठी आले ते नाही. मोठ्यांत 50 च्या खाली आयबीडीची (क्रोनसारख्या, आतड्याला दीर्घकाळ सूज आणणाऱ्या आजारांची) शक्यता फार कमी, 250 च्या वर बहुधा स्कोप. मधल्या आकड्याला आधी वेदनाशामकं विचारा. कंबरदुखीला मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक पेशंट औषधात धरतच नाही! ती थांबवा, स्टूल कल्चर (शौचात जंतू आहेत का ते वाढवून पाहणं) करा, 4 ते 6 आठवड्यांनी पुन्हा तपासा. हृदयासाठीची अ‍ॅस्पिरिन मात्र परस्पर बंद करू नका.

लॅबबेंच :
दुसरा नमुना त्याच लॅबमध्ये, त्याच किटवर; किट बदललं की आकडे जुळत नाहीत. लघवी किंवा कमोडचं पाणी मिसळू देऊ नका. मूळव्याधीचं रक्त पडत असेल किंवा पाळी चालू असेल तर थांबा, रक्तासोबत न्यूट्रोफिलही येतात. पाण्यासारख्या जुलाबात प्रथिन पातळ होऊन आकडा फसवा कमी येतो. नमुना फ्रिजमध्ये ठेवा, उन्हाळ्यात तर नक्कीच.

ज्युनियर_मेडिसिन :
समजा दुसरा 400 आला. टीबी की क्रोन, यावरून कळेल?

इलिओसीकल :
नाही, दोन्हींत वाढतं. स्कोपने टर्मिनल इलियम (लहान आतड्याचं शेवटचं टोक) पाहा, व्रणाच्या कडांवरून अनेक तुकडे घ्या; हिस्टोपॅथॉलॉजी, टीबी कल्चर, जीनएक्सपर्ट (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) तिन्हींना पाठवा. आतड्याच्या तुकड्यात जीनएक्सपर्ट निगेटिव्ह आलं म्हणून टीबी सुटत नाही. हे मिटेपर्यंत इन्फ्लिक्सिमॅब (क्रोनवरचं, टीएनएफ अडवणारं औषध) नकोच. टीएनएफ या सुजेच्या प्रथिनाच्या जोरावर मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी) ग्रॅन्युलोमा (जंतूंना कोंडणारी पेशींची गाठ) बांधून ठेवतात. टीएनएफ अडवला की दबलेला टीबी पसरतो. स्टेरॉइडही जपूनच.

स्लाइडवाला :
आणि दुसरा 40 आला तरी टीटीजी-आयजीए (गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणाऱ्या सिलिअॅक आजाराची रक्ततपासणी) करून ठेवा, चपाती-ब्रेड चालू असतानाच. सिलिअ‍ॅकमध्ये अस्तरात लिम्फोसाइट (वेगळ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) भरतात, न्यूट्रोफिल फारसे नाहीत. त्यात कॅलप्रोटेक्टिन नॉर्मलही येतं.