कंबरेच्या खालपर्यंत केस आहेत, घरीच दोन इंच कापाचे आहेत, कसं करू?

वावरातली पोर

नमस्कार ताई-दादा लोकहो. मी दारव्हा तालुक्यातली, गाव लहानच आहे. माझे केस कंबरेच्या खाली येतात, सरळ आहेत, वाळले की शेवटी थोडीशी लाट येते. वरून चांगले आहेत पण खालचे दीड-दोन इंच पार खराट्यासारखे झाले, एकेका केसाले दोन-दोन तोंडं फुटली, फणी तिथंच अडकते अन् ओढलं की कट्कन तुटते. कापूस वेचाले जातो तवा डोक्याले दुपट्टा बांधतेच मी, पण वेणीचं शेपूट बाहेर राहते, मंग वाळल्या बोंडाच्या टोकाईत दिवसभर अडकत रायते.

पार्लरचं म्हणाल तं मागच्या बारीले तालुक्याले गेली होती, एक इंच म्हटलं, बाईनं चार इंच उडवले अन् वरून म्हणते शेप दिला. ऑटोचं भाडं अन् दिवसाची मजुरी बुडली ते वेगळंच. म्हणून यावेळी घरीच कापाचं ठरवलं.

आता प्रश्न असे की घरात शिलाई मशीनजवळची मोठी कैची आहे ती चालते का? मोबाईलवर पाहिलं तं एक पोरगी वेणी घालते अन् खालचं टोक सरळ कापून टाकते, बस झालं म्हणते, ते बरोबर आहे का? अन् केस ओले कापू का कोरडे? एकटीनंच करणार आहे, सासूबाईले सांगितलं तं शनिवार, अमावस्या अन् काय काय काढतीन. घरात लग्न आहे त्याच्या आत व्हायला पायजे.

जवसाचं तेल

अवं माय, शिलाईच्या कैचीले हात नको लावजो! पयले तं ती कैची कपड्याची, केस कापले की तिची धार जाते अन् मंग ब्लाऊजचं कापड चावते. दुसरं म्हणजे थे एवढी जड की एका हातानं केस धरून दुसऱ्या हातानं चालवाची म्हटलं तं मनगट थरथरते.

अन् वेणी कापाची थे भानगड तं करूच नको. वेणीत तीन पेडं असतात, खाली येता येता एक वर जाते एक खाली जाते, तू टोक कापलं तं तीनही पेडं येगयेगळ्या जागी कापली जातात. वेणी सोडली की पायऱ्या दिसतात, मंग त्या सारख्या कराले अजून दोन इंच जातात. व्हिडिओवाली पोरगी वेणी सोडून मागून दाखवते का? नाई दाखवत.

तुले खरंच दोन इंच लांबी कमी कराची आहे का फक्त फाटे काढाचे आहेत? थे आधी ठरव. फाटेच काढाचे असतीन तं लांबी न कापताही होते. दुपारी अंगणात उजेडात बस, मांडीवर पांढरा टॉवेल टाक, करंगळीएवढी बट घे अन् तिले पीळ दे. पीळ दिला की तुटके फाटके केस दोरीतून बाहेर निघून उभे राहतात, तेवढेच टोचून टोचून काप. मी टीव्ही पाहत पाहत करते, एका दिवशी एक बाजू, दुसऱ्या दिवशी दुसरी. येळ लय लागते पण लांबी तशीच राहते. फक्त जिथं फाटा फुटला त्याच्या अर्धा इंच वरून कापजो, अगदी फाट्यावर कापलं तं थो फाटा वर चढत जाते.

कैची-कंगवा

ताई, माझं बाजारच्या गावात कटिंगचं दुकान आहे, जेन्ट्सचंच, पण घरच्या सगळ्या बायांचे केस मीच खालून सारखे करतो म्हणून सांगून रायलो.

वरच्या ताईनं कैचीचं बरोबर सांगितलं. अजून एक कारण आहे. बोथट कैची केस कापत नाई, दाबते. तुम्ही कापाले गेल्या की केस दोन पात्यातून पुढं पुढं सरकतात, त्याच्यानं रेघ तिरपी होते, अन् जे कापले जातात त्याइचं टोक चेंगरलेलं राहते, तिथंच परत फाटे फुटतात. म्हणजे फाट्यासाठी कापले अन् फाटेच आणले. साडेपाच किंवा ६ इंची कटिंगची कैची घ्या. सलूनचं सामान मिळते त्या दुकानात, यवतमाळले नाईतं पुसदले, दोनशेच्या आसपास साधी मिळून जाते. ओला केलेला पातळ टिश्यू कागद कापून पाहा, न ओढता, न फाटता कापला तं कैची चांगली. अन् मंग त्या कैचीनं दुसरं काही कापाचं नाई, दुधाची पिशवी तं बिलकुल नाई.

आता एकटीनं कसं कराचं. केस धुवा, टॉवेलनं टिपून घ्या, पाणी गळाले नको पण ओलसर पायजेत. मोठ्या दाताच्या कंगव्यानं खालून वर गुंता काढत जा. मधोमध भांग, तो मागं मानेपर्यंत न्या, अन् दोन्ही भाग दोन खांद्यावरून पुढं घ्या. कपाटाच्या मोठ्या आरशासमोर उभं राहा, बसू नका, एवढे लांब केस बसल्यावर मांडीवर पडतात. दोन्ही भागाले गळ्याजवळ एक रबर लावा, मंग मधात एक, अन् शेवटचा रबर सरकवत सरकवत जिथं कापाचं त्याच्या बोटभर वर आणा. अंगात बटनाचा शर्ट नाईतं आडव्या पट्ट्याचा टी-शर्ट घाला, दोन्ही रबर एकाच पट्टीवर आले की समजाचं बरोबरीत आहेत. टेप घेऊन बसाची गरज नाई.

कापताना केसाचा गोल जुडगा धरून कापू नका. गोल धरला तं बाहेरचे केस येगळे अन् आतले येगळे कापले जातात. दोन बोटाच्या चिमटीत सपाट पसरून धरा, ताणू नका, कैचीच्या टोकानं थोडं थोडं काप. पूर्ण पातं उघडून एका झटक्यात खच्चकन करण्याची सवय बायाइले कपडा कापून असते, ते इथं नाई. दोन इंच कापाचे असतीन तं आधी एकच कापा. वाळू द्या, पाहा, मंग बाकीचं. शेवटी कैची उभी धरून टोकाईत बारीक बारीक टोचे मारा, म्हणजे कापलेली रेघ पट्टी ठेवल्यासारखी दिसत नाई.

याच्यात मागून एकदम सरळ रेघ नाई येत हे आधीच सांगून ठेवतो. मागच्या मधल्या केसाले मानेवरून वळसा घेऊन पुढं यावं लागते, म्हणून ते लांब राहतात अन् सोडल्यावर मागून हलका यू दिसते. वेणी घालणाऱ्या बाईले तो यू चांगलाच, वेणीचं टोक बारीक निमुळतं येते. सगळे केस एकाच खांद्यावरून घेऊन मात्र कापू नका, कापले तं दुसऱ्या बाजूचे लांब राहतीन अन् तिरपं होईन. एकदम सरळच पायजे असन तं दुसऱ्याचा हात लागते, त्याले इलाज नाई.

खारपाणपट्टा

दादाचं बाकी सगळं पटलं, पण ओले कापा हे सगळ्यांना लागू नाही हां. माझे कुरळे आहेत. ओले असताना पाठीच्या मध्यापर्यंत आणि वाळले की खांद्याच्या जरा खाली. ओला केस ताणला तर तो जवळपास तीस टक्क्यांपर्यंत लांबतो आणि वाळला की परत आखडतो, कुरळ्यांचं तर विचारूच नका, तुम्ही इंचभर म्हणून कापले की वाळल्यावर तीन इंच गेल्यासारखे दिसतात. कुरळे असतील त्यांनी कोरडेच कापा, बट बट घेऊन, जशी ती नैसर्गिक लोंबते तशीच. पोस्टवाल्या ताईचे सरळ आहेत म्हणून तिला ओलसर चालेल, पण शेवटी लाट येते म्हणाली ना, म्हणून ताणू नको एवढंच.

आणि दुसरी गोष्ट कोणी बोललंच नाही, ती म्हणजे पाणी. मी दर्यापूरकडची. आमच्या अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या पूर्णेच्या पट्ट्यात बोअरचं पाणी खारं, साबणाला फेस येत नाही, डोकं धुतलं तरी केस चरचरीत राहतात. मी दर वेळी शेंडे कापायची आणि परत तेच. आता शेवटचं पाणी नळाचं नाहीतर पावसाळ्यात पत्र्यावरून धरलेलं घेते, खूप फरक आहे. ताई तुझ्याकडे पाणी कसं आहे बघ, कारण ते तसंच राहिलं तर कैची कितीही चांगली घे, काही महिन्यांत शेंडे परत तसेच.

जवसाची जेल पण लावून बघ, आपल्या इकडे जवस घरोघरी असतो. दोन चमचे जवस दोन कप पाण्यात उकळायचं, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं तार धरायला लागलं की गॅस बंद, आणि गरम असतानाच ओढणीच्या पातळ कापडातून गाळायचं. थंड झालं की ते गाळल्या जात नाही, चिकटून बसते. ओलसर शेंड्यांना लावायची. फ्रीजमध्ये आठवडाभर राहते, बाहेर ठेवली तर वास मारते.

वावरातली पोर

बाप्पा, एवढं सगळं! धन्यवाद सगळ्याइले. आमच्याकडे विहिरीचं पाणी आहे, खारं नाई पण भांड्यावर पांढरे डाग राहतात. कैची घेते मी, भाऊ यवतमाळले जाणार आहे त्याले सांगते. दोन पोनीटेलवालं समजलं, तसंच करते अन् आधी एकच इंच.

अजून एक. जाऊ म्हणते दर महिन्याले शेंडे कापले तं केस भराभर वाढतात. खरं आहे का? अन् माझे केस गळतेतही, फणीत बराच गुंतवळ निघते, कापल्यानं ते कमी होईन का?

पीएचसीवाली

नाही. केस मुळातून वाढतो, टोकाचा भाग मेलेला असतो, त्याला कापलं की नाही हे मुळाला कळतच नाही. महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे अर्धा इंच धरा, वर्षाला ६ इंच. याच हिशेबानं बघितलं तर कंबरेखाली येणाऱ्या तुझ्या केसाचं टोक पाच-सहा वर्षं जुनं आहे, तेवढे उन्हाळे त्यानं आपल्या इकडचे काढले, म्हणून ते विरणारच. फाटे काढले की तुटणं थांबतं, तुटलं नाही की लांबी टिकते, म्हणून बायांना वाटतं कापल्यानं वाढले. पण दर तीन महिन्यांनी दोन इंच कापत राहिलीस तर तेवढ्यात वाढतात दीडच इंच, हळूहळू केस आखूडच होतील. तीन-चार महिन्यांनी अर्धा इंच बस आहे.

गळण्याचं वेगळं आहे. दिवसाला ५० ते १०० केस गेले तर ते चालतंच, आणि लांब केसाचा गुंतवळ दिसतोही मोठा. पडलेला केस उचलून बघ, एका टोकाला पांढरी बारीक गाठ असेल तर मुळापासून आला, नसेल तर मधातून तुटला. तुटलेले जास्त असतील तर कापल्यानं फायदा होईल. मुळापासून जास्त येत असतील तर कैचीचं तिथं काही काम नाही, उपकेंद्रावर जाऊन हिमोग्लोबिन बघून घे. आपल्याकडच्या बायांमध्ये रक्त कमी असणं फार आहे आणि केस गळण्याचं ते एक मोठं कारण. बाळंतपण झालं असेल तर दोन-चार महिन्यांनी भरपूर गळतात, ते आपोआप थांबतं.

आणि कोणी लगेच शेगावचं काढू नका, जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांना पटापट टक्कल पडलं, आयसीएमआरची म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेची माणसं आली होती, तो प्रकार वेगळा. तसं काही एकदम झालं तर घरी बसून तेल लावत बसायचं नाही, दवाखान्यात जायचं.

जवसाचं तेल

शनिवारचं अन् अमावस्येचं मी सांगते. सासूबाईसोबत वाद नको घालजो, बुधवारी दुपारी काप, विषयच मिटला. सांजच्याले कापू नये म्हणतात थे मात्र मले पटते, कंदिलाच्या उजेडात कोणाले रेघ दिसन? आता बल्ब आहे पण लाईन कधी जाईन भरवसा नाई, एक बाजू कापून झाली अन् लाईन गेली तं काय कराचं.

अन् कापलेले केस अंगणात नको सांडू, कोंबड्या उकरतात अन् पायात गुंतते. पेपर टाकून काप. केसावर भांडे देणारा येते त्याच्यासाठी थे दोन-दोन इंचाचे तुकडे कामाचे नाई, थो गुंतवळ घेते, लांब केस पायजे त्याले. गुंतवळ पिशवीत येगळा ठेव, माह्या घरचा डबा त्याच्यातूनच आला.

वावरातली पोर

हाहाहा हो, आमच्याकडेही येते तो. बुधवारच ठरलं मंग. पुढच्या बटाही कापू का त्याच हातानं? कपाळावर थोडे आले तं चेहरा भरलेला दिसन म्हणते नणंद.

कैची-कंगवा

ताई लग्नाच्या तोंडावर ते नका करू. कपाळावरचे केस ओले असताना भुवईपर्यंत कापले की वाळून पार वर जातात, अन् वाढून परत कानामागं जाईपर्यंत वर्ष लागते. वावरात घामानं कपाळाले चिकटतीन ते येगळं. कराचंच असन तं लग्न झाल्यावर, कोरड्या केसावर, नाकाच्या शेंड्याइतके लांब ठेवून सुरू करा. अन् कैची घेताना भावाले सांगजा, आंगठ्याच्या भोकात रबर आहे का पाहाजो म्हणा, नाईतं बोट सोलते.