गणवेशाने मुले शिकतात काय? – अमेरिकेतल्या शहरी कॅथलिक शाळांविषयी

उत्तररात्र (धागाकर्ता)
परवा इथेच एका सदस्याने लिहिले की, अमेरिकेतल्या मोठ्या शहरांमधील कॅथलिक शाळांत गरीब कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुले पुढे जातात ती गणवेश, प्रार्थना आणि धाक यांमुळे, आणि सरकारी शाळांनी एवढे केले तरी प्रश्न मिटेल. त्यावर 'अगदी खरे' म्हणणाऱ्यांची रांग पाहून राहवले नाही.

समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली सरकारी आणि कॅथलिक हायस्कुलांची तुलना प्रसिद्ध केली, तेव्हापासून हा वाद पेटलेला आहे. पण ब्राइक, ली आणि हॉलंड या अभ्यासकांनी १९९३ मध्ये कॅथलिक शाळांच्या यशाचे दिलेले कारण गणवेशाच्या आसपासही फिरकत नाही. सरकारी हायस्कुलांत 'याला बीजगणित झेपणार नाही' असे ठरवून मुलाला हलक्या विषयांकडे वळवले जाई. कॅथलिक हायस्कुलांत विषयांची निवडच मर्यादित असल्यामुळे झाडूवाल्याचा मुलगा आणि वकिलाचा मुलगा बहुतेक तेच विषय शिकत. (हात आखडता असण्याचा असाही फायदा होतो!)

गणितमास्तर
विवेचन सुबक आहे, पण मूळ दुखण्याला आपण हातच लावलेला नाही. जे पालक पोटाला चिमटा काढून फी भरतात, त्यांची मुले कुठेही शिकली असती. एल्डर आणि जेप्सन यांनी २०१४ मध्ये प्राथमिक शाळांपुरते हेच दाखवले: कॅथलिक शाळांची आघाडी पालकांच्या निवडीतून आलेली होती आणि गणितात तर त्या शाळांचा परिणाम उलटाच निघाला.

सरकारी_बाई
मी अमेरिकेतल्या एका शहरात अठरा वर्षे सरकारी शाळेत शिकवते आहे. दर जानेवारीत एखादा मुलगा वर्गाच्या दारात उभा राहतो, अंगात जुन्या कॅथलिक शाळेचा निळा स्वेटर आणि हातात चिठ्ठी, की 'आमच्या शाळेत त्याचे जमत नाही'. त्या शाळेला असे लिहिता येते; मला ते कोणाला लिहिता येत नाही. मग वर्षअखेरीस त्यांचा निकाल आणि माझा निकाल शेजारी ठेवून अभ्यासक मंडळी निष्कर्ष काढतात.

उत्तररात्र
बाई, आपला राग रास्त आहे. परंतु निवडीचा (कोणती मुले तिथे जातात याचा) हिशेब करूनही काही उरतेच. अर्थतज्ज्ञ डेरेक नील यांच्या १९९७ च्या अभ्यासात शहरी कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांची हायस्कूल पूर्ण करण्याची शक्यता कॅथलिक शाळेत ६२ टक्क्यांवरून ८८ टक्क्यांपर्यंत जाते.

गणितमास्तर
त्याच नीलचे पुढचे वाक्य सोयीस्करपणे गाळलेत. हा लाभ मुख्यतः त्या मुलांच्या वाट्याला येणाऱ्या सरकारी शाळा फार वाईट असल्यामुळे दिसतो, असे तो स्वतःच म्हणतो. लंगड्याशी शर्यत लावून जिंकल्याचे कौतुक किती करायचे? शिवाय ही किमया फुकटच्या मजुरीवर उभी होती. १९६५ च्या सुमारास अमेरिकेत १,८०,००० च्या आसपास नन होत्या आणि या शाळांत मुख्यतः त्याच शिकवत. त्या ओसरल्या, पगारी शिक्षक आले, फी वाढली आणि शाळांना टाळे लागले.

वसईची_लेक
'फुकटची मजुरी' हा शब्द मागे घ्या. माझी सख्खी मावशी सिस्टर, म्हणजे नन, आहे. चाळीस वर्षे शिकवून तिच्या नावावर एक ट्रंक आणि दोन चष्मे आहेत, आणि तिला कोणी वेठीला धरले नव्हते. संध्याकाळी वर्गात न आलेल्या मुलाच्या घरी जाऊन ओट्यावर बसणारी बाई कोणत्या पगारपत्रकात बसवणार आहात?

गणितमास्तर
मावशींचा अवमान करण्याचा हेतू नव्हता. परंतु ज्या व्यवस्थेचा खर्च कुणाच्या तरी व्रतावर चालतो, ती सरकारने उचलून आणावी असा आग्रह धरता येत नाही, एवढेच म्हणणे आहे.

वसईची_लेक
हेतू नव्हता म्हणे! व्रत घेणारी माणसे संपली म्हणून ती रीतच चुकीची ठरत नाही. पगारी शिक्षकाने त्या ओट्यावर बसू नये असा कुठे नियम आहे?

सरकारी_बाई
नियम नाही, वेळ नाही. माझ्या वर्गात चौतीस मुले आहेत आणि निम्म्यांचे पत्ते वर्षातून दोनदा बदलतात.

उत्तररात्र
ओट्यावरून परत येऊ या. ऑल्टोंजी, एल्डर आणि टेबर यांनी २००५ मध्ये निवडीचा संशय पुरता धरून पाहिला. परीक्षेच्या गुणांत ठोस फायदा हाती लागला नाही, हायस्कूल पूर्ण करण्यातला फायदा मात्र टिकला. मास्तर, एवढे तरी पदरात घ्याल?

गणितमास्तर
घेतो. शाळेत टिकवून ठेवतात, गणित शिकवत नाहीत. हीच किमया म्हणायची असेल तर अभिनंदन.

सरकारी_बाई
'टिकवून ठेवतात' हे माझ्याकडे जानेवारीत येणाऱ्या मुलांना सांगू नका. तरीही एक कबूल करते. आमच्या गल्लीतली पॅरिश शाळा (तिथल्या चर्चची कॅथलिक शाळा) बंद पडली, तेव्हा सप्टेंबरमध्ये तिथली अकरा मुले माझ्या वर्गात आली. त्यांतल्या नऊ जणांच्या आयांनी पहिल्याच आठवड्यात मला गाठून विचारले, की बीजगणित कोणत्या इयत्तेत सुरू होते. माझ्या जुन्या मुलांच्या आयांपैकी हे आजवर कोणी विचारलेले नाही. आता हे त्या शाळेने शिकवले की आया मुळातच तशा होत्या, यावर मास्तरांनी आणि धागाकर्त्यांनी खुशाल भांडावे. मला उद्या सकाळी अपूर्णांक शिकवायचे आहेत.