संशयकल्लोळ : अश्विनशेठला आपण फार स्वस्तात सोडतो

तिसरी घंटा

गेल्या महिन्यात आमच्या इथल्या नाट्यगृहात एका हौशी मंडळाने केलेलं गो. ब. देवलांचं 'संगीत संशयकल्लोळ' पाहिलं. नायकाची, म्हणजे अश्विनशेठची भूमिका करणारा मुलगा गळ्याने तयार. 'मृगनयना रसिक मोहिनी'चा दरबारी राग त्याने असा उभा केला की शेजारच्या आजींनी मांडीवरची पर्स बाजूला ठेवून ताल धरला. पुढे 'ही बहु चपल वारांगना' हे प्रेयसीला वेश्या म्हणणारं पद झालं आणि वन्स मोअर आला. त्याने परत म्हटलं, परत टाळ्या. माझे हात मात्र उठले नाहीत, आणि तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाहीये.

ज्यांनी नाटक पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अश्विनशेठची प्रेयसी रेवती. तिला रस्त्यात घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो आणि ते त्याची बायको कृत्तिका बघते. त्या गडबडीत रेवतीजवळची अश्विनशेठची तसबीर पडते. ती कृत्तिकेला सापडते आणि तिच्याकडून फाल्गुनरावाच्या हाती जाते. मग अश्विनशेठ मनाशी पक्कं करून टाकतो की रेवतीनेच ती फाल्गुनरावाला देऊन टाकली.

आपण फाल्गुनरावाला हसतो. बायकोवर पाळत ठेवणारा, सावलीलाही भिणारा माणूस म्हणून तो हास्यास्पद आहेच. पण अश्विनशेठचा रोग वेगळा आहे का? मला तर तोच दिसतो. फरक एवढाच की फाल्गुनरावाच्या वाट्याला गद्य आलं आणि अश्विनशेठच्या वाट्याला पदं. सुरात आला की आपण संशयालाही विरह म्हणतो.

आणि तो प्रेम तरी कशावर करतो? 'मृगनयना', 'सुकांत चंद्रानना'. डोळे हरिणीचे, चेहरा चंद्राचा. रेवती काय म्हणाली, कशावर हसली, कशाला घाबरते, यातलं त्याच्या पदांत मला काही सापडत नाही. ती मात्र 'मजवरी तयांचे प्रेम खरे' म्हणते. ही एक ओळ 'ही बहु चपल वारांगना'च्या शेजारी ठेवून बघा. दोघांपैकी प्रेम कोण करतंय हे मला तरी तिथेच कळतं.

ऑर्गनवाला

साफ असहमत. प्रहसनाच्या पात्राला तुम्ही कोर्टात उभं करताय.

हे कथानक देवलांच्याही आधीचं आहे. फ्रेंच नाटककार मोलिएरने 1660 मध्ये 'स्गानारेल' लिहिलं, त्यावरून आर्थर मर्फीने 1761 मध्ये इंग्रजी नाटक केलं, त्यावरून देवलांनी 1893 मध्ये गद्य 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' लिहिलं आणि 1916 मध्ये त्याचं संगीत नाटक झालं. या प्रवासात यंत्र एकच आहे: एक तसबीर भलत्या हातात जायची आणि प्रत्येकाने आपापला अर्थ काढायचा. अश्विनशेठने संशय घेतलाच नाही तर नाटक दुसऱ्या अंकात संपेल.

शिवाय फाल्गुनराव आणि अश्विनशेठ यांना एका मापाने मोजणं अन्यायाचं आहे. फाल्गुनरावाला संशयासाठी काहीच लागत नाही, त्याचा स्वभावच तो. अश्विनशेठसमोर वस्तू आहे. आपण प्रेमाने दिलेली तसबीर परक्या पुरुषाकडे दिसली, तर तुम्ही काय म्हणाल? 'असेल काहीतरी कारण' म्हणून चहा प्यायला जाल? प्रेमात पडलेल्या माणसाची बुद्धी थाऱ्यावर नसते, हे देवलांना नेमकं दिसलंय. तो चिडतो कारण त्याला लागतं.

आणि पदांचं म्हणाल, तर नाट्यपदात नायिकेचे डोळेच येणार. तिच्या बोलण्याचा इतिवृत्तान्त दरबारीत गाऊन दाखवा, मग बोलू.

तिसरी घंटा

मोलिएर तुम्हीच काढलात ते बरं झालं, कारण माझं म्हणणं तिथेच पक्कं होतं.

मोलिएरचा प्रेमवीर लेली. त्यालाही स्वतःची तसबीर स्गानारेलच्या, म्हणजे तिथल्या फाल्गुनरावाच्या हातात दिसते. स्गानारेल सांगतो, ही मला माझ्या बायकोकडून मिळाली. लेलीचा समज होतो की आपल्या सेलीचं याच्याशी लग्न झालं. बिचारा खचतो. पण सेली घरंदाज मुलगी आहे, तिला रागाच्या भरात मारायला जन्मावरून आलेला शब्द त्याच्याकडे तयार नाही.

देवलांनी काय केलं? रेवतीला मघा नावाच्या नायकिणीची मुलगी केलं. आता संशय आला की शब्द शोधावा लागत नाही, तो समाजाने आधीच देऊन ठेवलाय. अश्विनशेठ तिच्याशी लग्न करायला निघालाय, म्हणजे तिची जात-कूळ आपण मागे टाकलं असं त्याला वाटतंय. आणि एका तसबिरीच्या घोळात त्याच्या तोंडून पहिला शब्द 'वारांगना' बाहेर पडतो. विश्वासघातकी म्हणाला असता, कृतघ्न म्हणाला असता, तर मी तुमच्या बाजूने असते. त्याने तिच्या आईचा धंदा काढला.

माडीवरची खिडकी

मी मधला रस्ता काढायला आलेलो नाही, मी सरळ अश्विनशेठच्या बाजूचा आहे.

1893 साल डोळ्यांसमोर आणा. एखाद्या शेठजीने नायकिणीच्या मुलीला ठेवणं यात कोणालाही नवल वाटलं नसतं. तिला बायको म्हणून घरी आणायचं म्हणणं ही मोठी गोष्ट होती. ती त्याने कोणी न सांगता ठरवलीय. तो एका क्षणी घसरला म्हणून बाकीचं सगळं खोटं ठरतं का? माणूस रागात जे बोलतो तेच त्याचं खरं, असं धरलं तर आपल्यापैकी कोणाचंच प्रेम टिकणार नाही.

आणि शूद्रकाच्या संस्कृत नाटकावरून देवलांनी केलेलं 'मृच्छकटिक' आठवा. वसंतसेना या गणिकेवर प्रेम करणारा चारुदत्त म्हणजे आपल्या सगळ्यांचा आदर्श प्रियकर. त्यालाही शूद्रकाने न्यायसभेत, गणिका तुझी मैत्रीण आहे का, असं विचारल्यावर लाजेने अडखळायला लावलंय. त्याचा संकोच आपण पोटात घालतो. मग अश्विनशेठचा संताप का नाही?

तिसरी घंटा

चारुदत्ताचा मुद्दा मान्य, तो माझ्या लक्षात आला नव्हता. पण चारुदत्त स्वतःला लाजतो, वसंतसेनेला कमी लेखत नाही. तिच्या खुनाचा आळ डोक्यावर असतानाही तिच्याबद्दल त्याच्या तोंडून वावगा शब्द जात नाही. तेच देवल, तशीच गणिकेच्या घरची नायिका, आणि इतका वेगळा पुरुष. हे त्यांनी न कळत केलं असेल असं मला वाटत नाही. अश्विनशेठ असाच कच्चा दिसावा, ही त्यांची इच्छा असणार. आपणच टाळ्यांच्या आवाजात तो कच्चेपणा बुडवतो.

विंगेतून

मी वाचक म्हणून नाही, अश्विनशेठची भूमिका केलेला माणूस म्हणून लिहितोय. पंधराएक प्रयोग केले असतील.

तालमीत आम्हाला 'वारांगना' हा शब्द गाळण्याबद्दल कोणी कधी बोललं नाही, पण तो कसा म्हणायचा हेही कोणी बोललं नाही. चाल पाठ करा, ताना बसवा, झालं. पद सुरू झालं की मी प्रेक्षकांकडे तोंड करून उभा राहायचो. राग पहिल्या दोन ओळींत असायचा, मग समेवर लक्ष. वन्स मोअर आला की चेहऱ्यावर हसू यायचंच, ते लपवत परत संतापायचं. म्हणजे तिसरी घंटा म्हणतात ते घडतं, आणि ते माझ्यासारख्यांमुळे घडतं. देवलांच्या संहितेचा त्यात दोष नाही.

पण ऑर्गनवाल्यांची एक गोष्ट मला सोडवत नाही. त्याला खरंच लागलेलं असतं. फक्त काय लागलंय ते नीट बघायला हवं. तसबीर कोणाची आहे? त्याची स्वतःची. परक्याच्या हातात त्याला रेवती दिसत नाही, स्वतःचा चेहरा दिसतो. आपण दिलेलं आपलंच रूप कोणीतरी हलकं केलं, हे ते दुःख आहे. पंधरा प्रयोगांत मला हे कळलं नव्हतं, काल रात्री हा धागा वाचताना कळलं.

दिवाळीनंतर आमचा प्रयोग ठरतोय. त्या पदाला मी प्रेक्षकांकडे बघणार नाही, आणि वन्स मोअर आला तरी घेणार नाही असं ऑर्गनच्या साथीदाराला सांगून ठेवलंय. तो म्हणाला, लोक चिडतील.

ऑर्गनवाला

चिडणारच. मी पहिल्या रांगेत असेन आणि वन्स मोअर मीच देणार. दरबारीला दिला तर घ्याल ना?